डीबीएसनंतर दिवस सुधारला, रात्र तशीच. करंट वाढवायचा की गोळ्या बघायच्या?

तिसरा_प्रहर

पेशंट माझे वडील, वय ६३, कंपवात (पार्किन्सन्स) ११ वर्षांपासून. डीबीएस म्हणजे मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून बॅटरीच्या मशीनने सतत करंट देणं. दोन्ही बाजूंना सबथॅलॅमिक न्यूक्लियस, म्हणजे एसटीएन या मेंदूतल्या लहानशा केंद्रात इलेक्ट्रोड बसवून पाच महिने झाले. दिवसा ऑफ (औषधाचा असर उतरून जखडण्याचा काळ) जवळपास नाही, डिस्किनेसिया (औषधाने होणाऱ्या नको त्या हालचाली) गेल्यात जमा. रात्र मात्र सुधारली नाही. गेल्या दहा रात्रींच्या नोंदीतलं चित्र असं:

रात्री ८ ते ९ टीव्हीसमोर बसलं की पिंडऱ्यांत वळवळ, उठून चाललं की थांबते. साडेदहाला झोप लागते. दीडच्या सुमारास जाग येते, तेव्हा कूस वळता येत नाही, हाक मारावी लागते. लघवीला जायचं असतं, तेही अडतं. चारनंतर ओरडणं, हात झाडणं. एकदा उशाशी ठेवलेला तांब्या उडाला. पाचला डाव्या पावलाची बोटं आत वळतात, अर्धा तास दुखतं, सकाळच्या गोळीनंतर सुटतं.

ऑपरेशनआधी: लेव्होडोपा १०० मिग्रॅ दिवसातून ८ वेळा, प्रॅमिपेक्सॉल १ मिग्रॅ ३ वेळा, अमँटाडीन १०० मिग्रॅ २ वेळा.
आता: लेव्होडोपा १०० मिग्रॅ ४ वेळा (शेवटची साडेसातला), प्रॅमिपेक्सॉल बंद, अमँटाडीन तेवढंच, सकाळी ८ आणि संध्याकाळी ६.
सेटिंग: डावीकडे २.६, उजवीकडे २.२ मिलिअँपिअर, दोन्हीकडे पल्सची रुंदी ६० मायक्रोसेकंद, फ्रिक्वेन्सी १३० हर्ट्झ. बॅटरी चार्ज न होणारी.

प्रश्न तीन. रात्रीपुरता करंट वाढवून मागावा का? झोपेत मशीन बंद ठेवलं तर बॅटरी वाचेल असं नात्यातले एक जण ठामपणे सांगतात, त्यात तथ्य आहे का? आणि झोपेतलं ओरडणं डीबीएसने पुढे कमी होईल का?

करंट_आणि_कॉन्टॅक्ट

नोंद इतकी नेटकी आहे की अर्धं उत्तर तिच्यातच आहे. तुम्ही 'रात्र' म्हणताय ती एक तक्रार नाही, चार आहेत. चौघींचं कारण वेगळं आहे आणि करंटशी त्यातल्या दोघींचाच संबंध आहे.

डीबीएससाठी पेशंट निवडताना जो नियम लावतात तोच इथे लावा: लेव्होडोपाने जे सुधारतं ते एसटीएनच्या उत्तेजनाने सुधारतं, लेव्होडोपाने जे हलत नाही ते सहसा यानेही हलत नाही. अपवाद कंपाचा, तो गोळीला दाद देत नसला तरी करंटला देतो. दीडचं कूस न वळणं आणि पाचचं पाऊल वळणं ही ऑफची लक्षणं, म्हणून ती आपल्या हद्दीतली. आठची वळवळ औषधाच्या बाजूची वाटते. चारचं ओरडणं पूर्ण वेगळं प्रकरण आहे, त्यावर इथे झोपेच्या लॅबमधलं कोणी लिहील तर बरं.

पावलाबद्दल एक खातरजमा आधी करा. पाऊल दोन कारणांनी वळतं. एक, पहाटे औषध उतरल्यावरचा डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आवळून वळणं: सकाळच्या गोळीनंतर सुटतो, दिवसा नसतो. दोन, करंट शेजारच्या इंटर्नल कॅप्सूलमध्ये, म्हणजे हालचालीच्या मुख्य तंतूंत पसरल्यामुळे आलेला ताण: तो गोळीने सुटत नाही, चोवीस तास थोडाफार असतो, करंट वाढवला की वाढतो आणि बरेचदा सोबत बोलणं जड होतं. तुमचं वर्णन पहिल्याशी जुळतं. पण डाव्या पावलाचा संबंध उजव्या मेंदूशी, म्हणजे तुमच्या २.२ वाल्या बाजूशी आहे, हे प्रोग्रॅमिंगच्या वेळी आवर्जून सांगा. नाहीतर चुकीच्या बाजूचा आकडा हलतो.

रात्रीचा वेगळा प्रोग्रॅम ठेवता येतो. बहुतेक मशीनमध्ये दोन-चार ग्रुप साठवता येतात आणि पेशंटच्या रिमोटवरून बदलता येतात. वाढ ०.१ ते ०.२ मिलिअँपिअरच्या पायरीने, प्रत्येक पायरीनंतर काही दिवस थांबून. तरीही हे पहिलं पाऊल नको. औषध निम्म्याहून खाली आणल्यावर उरलेली पोकळी करंटने भरायला गेलं तर बोलणं आणि तोल यांची किंमत मोजावी लागते, आणि ती दिवसा दिसते.

मशीन बंद ठेवण्याबद्दल: बॅटरी वाचते हे खरं. हातांच्या साध्या कंपासाठी थॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड असलेले काही जण रात्री बंद करतात, सल्ला बहुधा तिथूनच आला असावा. कंपवातात हा हिशोब जमत नाही. एसटीएनचं उत्तेजन थांबलं की कंप काही मिनिटांत परततो, ताठरपणा आणि मंदपणा अर्ध्या-एक तासात, आणि धडाची लक्षणं, म्हणजे कूस वळणं, उठून बसणं, चालणं, तीन-चार तासांत पूर्ण उतरतात. साडेदहाला बंद केलं तर दीड-दोनला नेमकी कूस वळायच्या वेळी सगळ्यात वाईट अवस्था. वर औषधही कमी केलेलं. अशा पेशंटमध्ये उत्तेजन एकाएकी थांबून ताप, कमालीचा ताठरपणा, गिळता न येणं इथपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. ती आणीबाणी असते. चार्ज न होणारी बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं चालते. ती वाचवायची तर पल्सची रुंदी आणि करंट नीट बसवून वाचवतात.

आणखी एक गोष्ट, तुमच्याकडे ती दिसत नाही, पण धागा वाचणाऱ्यांसाठी. प्रोग्रॅमिंगनंतर पेशंट तीन तास झोपून टवटवीत उठतोय, अखंड बोलतोय, नको त्या खरेद्या करतोय, तर त्याला निद्रानाश म्हणून झोपेची गोळी देऊ नका. इलेक्ट्रोडवर करंट सोडणारे एकाखाली एक बिंदू, म्हणजे कॉन्टॅक्ट असतात. सगळ्यात खालच्या कॉन्टॅक्टवर करंट असेल तर तो एसटीएनच्या मूडशी जोडलेल्या भागात किंवा खाली सबस्टॅन्शिया नायग्रा या शेजारच्या भागात शिरून हायपोमेनिया, म्हणजे असा अवाजवी उत्साह आणू शकतो. वरचा कॉन्टॅक्ट घेतला की बरेचदा उतरतो. सेंटरला त्याच दिवशी फोन.

खलबत्ता

आता गोळ्यांचा हिशोब. वेगवेगळी औषधं एका मापात आणण्यासाठी सगळं लेव्होडोपात बदलून मोजतात: प्रॅमिपेक्सॉल १ मिग्रॅ म्हणजे १००, अमँटाडीन जितके मिग्रॅ तितकेच. ऑपरेशनआधी ८०० + ३०० + २०० = १३००. आता ४०० + ० + २०० = ६००. घट ५४ टक्के. एसटीएननंतर निम्म्याच्या आसपास कपात नेहमीची आहे, त्यामुळे आकड्यात चूक नाही. ती कपात दिवसाकडे बघून झाली आहे, एवढंच.

लेव्होडोपाचं कार्बिडोपासकट (गोळीतलं जोडीचं औषध) अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण दीड तास. साडेसातची गोळी दीड वाजता सहा तासांची झालेली असते, म्हणजे चार अर्धायुष्यं. रक्तात सोळावा हिस्सा. पहाटे पाचला तर नुसता करंट. डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हा: झोपताना लेव्होडोपाची सावकाश सुटणारी, सीआर गोळी चालेल का? ती साध्या गोळीच्या साधारण ७० टक्केच अंगी लागते, म्हणून आकड्याला आकडा लावून बदलत नाहीत. सीआर कुटायची किंवा चावायची नाही, कुटली की सावकाशपणाच संपला. उलट पहाटेच्या पावलासाठी साधी गोळी पाण्यात विरघळवून घेतली तर लवकर लागू पडते. त्यासाठी ती उशाशी, उघडायला सोप्या डबीत हवी.

सीआर घेतली आणि काहीच फरक नाही, असं झालं तर जेवणाचं ताट बघा. साडेनऊला वरण, उसळ, पनीर आणि दहाला गोळी, तर आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना प्रथिनांची अमिनो आम्लं लेव्होडोपाशी त्याच दारात धक्काबुक्की करतात. जेवण आठच्या आत, प्रथिनं रात्री हलकी, आणि गोळीआधी दीड-दोन तासांचं अंतर.

संध्याकाळी ६ चं अमँटाडीन मला सगळ्यात जास्त खटकलं. ते झोप उडवतं, स्वप्नं भडक करतं, काहींना भास होतात. मूत्रपिंडातून निघून जातं आणि सावकाश निघतं, म्हणून वयस्कर माणसात क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघूनच डोस ठरतो. दुसरा डोस दुपारी २ च्या आत आणता येतो. आणि डिस्किनेसिया गेला असेल तर हे औषध कशासाठी चालू आहे, हाही रास्त प्रश्न आहे. सेलेजिलिन हे कंपवाताचं दुसरं औषध चालू असलेल्यांनीही वेळ तपासावी. त्याची मोड अँफेटामाइनसारख्या घटकांत होते, म्हणून ते सकाळी आणि फार तर दुपारी.

आठची वळवळ: बसलं की सुरू, चाललं की बंद, संध्याकाळीच. हे रेस्टलेस लेग्जचं, म्हणजे बसल्यावर पायांना स्वस्थ राहू न देणाऱ्या विकाराचं वर्णन आहे. ३ मिग्रॅ प्रॅमिपेक्सॉलखाली ती आधीपासून झाकलेली असू शकते. झाकण काढलं आणि दिसली. उपाय लगेच प्रॅमिपेक्सॉल परत सुरू करण्यात नाही. आधी सीरम फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी. ७५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोह देतात. मात्र लोहाची गोळी लेव्होडोपाला पोटात बांधून ठेवते, दोन्हींत किमान दोन तास हवेत. सर्दीसाठी गुंगी आणणारी अँटीहिस्टामाइनं चालू असतील तर ती ही वळवळ वाढवतात. यानंतरही राहिली तर गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिनचा छोटा डोस, पण गुंगी आणि तोल जाणं लक्षात ठेवून.

यातलं काहीही स्वतःहून बदलू नका. विशेषतः एका वेळी एकच बदल, आणि मध्ये किमान आठवडा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळत नाही, आणि बिघडलं तर मागे कुठे फिरायचं तेही.

तीस_सेकंदांचं_पान

चारचं ओरडणं. वेळ बघा: रात्रीचा शेवटचा तिसरा भाग, जेव्हा रेम झोपेचे लांब तुकडे येतात. रेममध्ये माणूस स्वप्न बघतो आणि डोळे व श्वास सोडून बाकी स्नायू मेंदू बंद करून ठेवतो. हा बंदोबस्त सैल झाला की स्वप्नातली मारामारी पलंगावर उतरते. यालाच रेम झोपेतला वर्तनविकार, आरबीडी म्हणतात. माणसातलं वर्णन १९८६ मध्ये मिनेसोटात शेंक आणि महोवाल्ड यांनी केलं. पण ल्योंमध्ये मिशेल झुवे यांनी १९६० च्या दशकातच मांजरांच्या मेंदूच्या पॉन्स भागात इजा करून झोपेत शिकार करणारी मांजरं दाखवली होती.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या पॉन्समध्येच आहे. स्नायू बंद ठेवणारं केंद्र तिथे, मेंदूच्या देठात. एसटीएन त्याच्या बराच वर. दोन-अडीच मिलिअँपिअरचा करंट इलेक्ट्रोडभोवती दोन-तीन मिलिमीटर पसरतो, तिथवर पोचत नाही. म्हणून डीबीएसनंतर सलग झोप वाढते, मधली जाग कमी होते, पण आरबीडी सहसा जसाच्या तसा राहतो. चालताना पाय जखडण्यावर उपाय म्हणून देठातच, पेडंक्युलोपाँटाइन केंद्रात इलेक्ट्रोड घालायचे प्रयोग २००५ च्या सुमारास सुरू झाले. तिथे मात्र झोपेवर थेट परिणाम दिसला: कमी फ्रिक्वेन्सीला सतर्कता, ८० हर्ट्झला डुलकी. नेहमीच्या उपचारात ते नाही.

एक गोष्ट घरच्यांना चक्रावून टाकते. दीडला ज्याला कूस वळवत नाही तोच माणूस चारला सणसणीत ठोसा मारतो, आवाजही खणखणीत. नाटक नाही ते. रेममधल्या या हालचाली मंदपणा आणि कंप ओलांडून येतात, जाग आली की पुन्हा तेच जखडलेपण.

उपाय दोन थरांचे. पहिला थर खोलीचा: तांब्या, काचेचा ग्लास, चष्मा, टेबलफॅन हाताच्या टप्प्याबाहेर, पलंगाच्या कडेला जमिनीवर गादी, शेजारी झोपणाऱ्याची खाट वेगळी. दुसरा थर औषधाचा: मेलाटोनिन झोपण्याआधी अर्धा तास ३ मिग्रॅपासून, गरजेप्रमाणे ६ ते १२ पर्यंत. क्लोनाझेपाम ०.२५ मिग्रॅपासून. ते हमखास वाटतं, पण रात्री लघवीला उठणाऱ्या, तोल जाणाऱ्या माणसाला मी ते पहिलं सुचवणार नाही. घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर आणखीच नाही. नैराश्यासाठी एसएसआरआय गटातलं औषध किंवा व्हेनलाफॅक्सिन नुकतं सुरू झालं असेल तर तेही आरबीडी भडकवतं, यादीत बघा.

घोरण्यामुळे श्वास अडकून झालेली झटापट हुबेहूब आरबीडीसारखी दिसते, म्हणून खात्री व्हिडिओसह पॉलिसोम्नोग्राफीनेच, म्हणजे लॅबमधल्या रात्रभराच्या झोपेच्या तपासणीने (स्लीप स्टडी). पण जाण्याआधी लॅबला फोन करून सांगा की डीबीएस आहे. १३० हर्ट्झचा खळखळाट ईईजी (मेंदूचा आलेख) आणि हनुवटीच्या ईएमजीत (स्नायूंचा आलेख) भरतो. ५० हर्ट्झच्या नॉच फिल्टरने जात नाही, हाय फ्रिक्वेन्सी फिल्टर खाली आणावा लागतो. इलेक्ट्रोड आणि छातीतली बॅटरी अशा मोनोपोलर जोडणीत हा गोंधळ जास्त, दोन कॉन्टॅक्टमधल्या बायपोलरमध्ये कमी. अनोळखी टेक्निशियन 'रेकॉर्डिंग खराब येतंय, मशीन बंद करा' म्हणू शकतो. करू नका: बंद मशीनवरची झोप ही तुमच्या वडिलांची रोजची झोप नव्हे. सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वास मोकळा ठेवणारं यंत्र) लागलं तर मास्कचा पट्टा टाळूवरच्या टोपणावर किंवा कानामागच्या जोडावर रुतत नाही ना, रोज त्वचा बघा. तिथे कातडी झिजली तर संसर्ग थेट वायरीपर्यंत जातो.

तिसरा_प्रहर

खूपच नेमकं. अमँटाडीनची वेळ आणि फेरिटिन, दोन्ही लिहून घेतलं. मग स्लीप स्टडी आधी करू की औषधाच्या वेळा आधी? शिवाय कूस वळण्याबद्दल औषधाशिवाय काही करता येतं का? हल्ली रात्री आपोआप करंट बदलणाऱ्या मशीनबद्दलही ऐकतोय.

खलबत्ता

वेळा आधी. अमँटाडीन दुपारी आणायला पैसा लागत नाही, आणि ते चालू असतानाची स्टडी निम्मी त्याचीच स्टडी होईल.

तीस_सेकंदांचं_पान

एरवी मान्य. पण झोपेत श्वास थांबतोय असं कोणी पाहिलं असेल, किंवा दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर थांबू नका. दिवसाची झोपाळूपणा मोजणारी एपवर्थची आठ प्रश्नांची प्रश्नावली भरा. २४ पैकी १० च्या वर गेली तर स्टडी आधी.

खाटेचे_खूर

कूस वळायला अडतं ते दोन ठिकाणी: मेंदूत आणि चादरीत. जाड सुती चादर, वर गोधडी, अंगात सुती पायजमा. तिघं एकमेकांना धरून बसतात. खांद्यापासून मांडीपर्यंतच्या भागात सॅटीनचा पट्टा आडवा टाका, दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचून. जुनी सिल्कची साडी चौपदरी शिवूनही चालते. दोन अटी: पट्टा टाचांखाली येऊ द्यायचा नाही, कारण रेटा द्यायला टाचेला पकड लागते, आणि जिथे बसून उठायचं त्या कडेच्या एक वीत आत तो संपला पाहिजे, नाहीतर माणूस कडेवरून घसरतो. सिल्कची चादर आणि सिल्कचे कपडे दोन्ही एकदम नकोत. गोधडीऐवजी हलकी दुलई.

वळायची पद्धत सवयीची व्हायला हवी, म्हणून दिवसा ऑन (औषध लागू) असताना दहा-दहा वेळा करून घ्या. उताणं असताना दोन्ही गुडघे वाकवून पावलं टेकवा. कंबर उचलून, वळायचं त्याच्या उलट बाजूला वीतभर सरकवा. हे विसरलं की माणूस वळून थेट कडेला येतो. दोन्ही हातांची बोटं गुंफून छताकडे. आधी मान, मग हात आणि गुडघे एकदम. 'एक, दोन, तीन' मोठ्याने म्हणायचं. बाहेरचा ठेका मिळाला की अडलेली हालचाल सुटते.

मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असेल तर रात्री लघवीला उठणाऱ्यासाठी तो सापळा आहे. खिडक्यांना जाळी लावा. लघवीचं भांडं खाटेशी ठेवा, पाणी संध्याकाळी सहानंतर कमी, आणि ते दिवसा भरून काढा. झोपताना आणि उभं राहून तीन मिनिटांनी असं दोनदा ब्लडप्रेशर मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त पडत असेल तर डोक्याकडच्या खुरांखाली १५ सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे घालून खाट उतरती करतात. त्याने रात्रीची लघवीही कमी होते. जास्त उशा घेऊन ते साधत नाही, त्यात मान तेवढी वाकते.

दुखतं पाऊल शेकायला फिजिओथेरपीच्या दुकानात कोणी डायथर्मी (लहरींनी आतून शेकणं) सुचवली तर साफ नकार. डीबीएस असताना शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह, अल्ट्रासाउंड, कुठलीच डायथर्मी शरीरात कुठेही नाही. ऊर्जा वायरीतून इलेक्ट्रोडच्या टोकाशी जाते आणि मेंदू भाजतो. गरम पाण्याची पिशवी चालेल.

करंट_आणि_कॉन्टॅक्ट

आपोआप बदलणाऱ्या मशीनबद्दल. एसटीएनमधल्या १३ ते ३० हर्ट्झच्या बीटा लहरी मंदपणा-ताठरपणासोबत वाढतात. मशीन त्या वाचून करंट वर-खाली करतं. अमेरिकेच्या एफडीएने २०२५ मध्ये कंपवातासाठी याला मंजुरी दिली. रात्री मेख अशी की गाढ झोपेत बीटा आपसूकच उतरतात, म्हणजे मशीन करंट कमी करतं, आणि दीडला जाग आली की परत चढायला वेळ घेऊ शकतं. म्हणून अशा मशीनमध्ये करंटची खालची मर्यादा झोपेतली कूस डोळ्यांपुढे ठेवून लावावी लागते. तुमच्या मशीनला बीटा वाचता येतात का हे मॉडेलवर अवलंबून. रिमोटसोबतच्या ओळखपत्रावर मॉडेल नंबर असतो.

पुढच्या भेटीला सात रात्रींचा तक्ता न्या, याच चार वेळांचा: ८, दीड, ४, ५. शेजारी त्या दिवशी शेवटची गोळी किती वाजता आणि जेवण किती वाजता. चारच्या प्रकाराचे मोबाइलवरचे दोन-तीन व्हिडिओ. आणि भेट सकाळची घ्या, पहिली गोळी न घेता, सेंटरने परवानगी दिली तर. पाऊल वळलेलं असतानाच उजवी बाजू तपासता येते.